निवडलेलं कोकरू

आमच्या घरात मला ‘जळकी’ म्हणत. नाव ठेवलं आईनं आणि गावभर केलं माझ्या धाकट्या बहिणीनं, शकूनं. आज पन्नाशी उलटली, पेठला येऊन संसार केला, सून आणली, तरी शेजारणीच्या दारात नवा फ्रीज उतरला की मी अजून तशीच जळते, जशी माहेरी डिंगोऱ्यात रिबीच्या घरी पहिल्यांदा जळले होते. सून म्हणते, आई, तुम्ही जरा मोठ्या मनाच्या व्हा. मी म्हणते, होईन की, एवढं कांद्याचं आटपलं की होते.

रिबी म्हणजे रिबेका दिवेकर, माझ्याच वर्गातली. तिचे वडील गुरांच्या दवाखान्याचे सरकारी डॉक्टर. दिवेकर आडनाव ऐकून गावानं त्यांना कोकणातले ब्राह्मण ठरवून टाकलं, आणि पहिल्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे जिवंत कोंबडा मागितला तेव्हा गावाची पंचाईत झाली. मग हळूहळू कळलं, ते बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. किती पिढ्या कोकणात गेल्या ते त्यांनाही मोजता येत नव्हतं. घरात मराठीच, कालवण आपल्यासारखंच, बाईंचं नेसणं आपल्यासारखंच. पण शनिवारी चूल पेटत नसे, आणि मटणाच्या जेवणात दुधाचा थेंब जात नसे, नारळाचं दूध चाले. शनिवारी कुणाची गाय अडली तर मात्र डॉक्टर निघत. परत आले की ते देवाशी काय ते बोलून घेत असतील, असं आमचे वडील, तात्या, म्हणायचे.

आमच्यात आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेले. तात्यांनी शेती धरली, पण मेंढरं त्यांना पुरती सोडवली नाहीत. घरामागं काटेरी कुंपणात थोडी असायचीच. माझं लहानपण त्या वासात गेलं. पहाटे कोकरं ओरडायला लागली की झोपणं शक्य नसे. आई चुलीपुढं बसून भाकरी थापायची, तिच्या बांगड्यांचा एक ठेका असायचा, आणि त्यात तात्यांचं खाकरणं. आमच्या घरात बोलणं कमी. मी काही विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘गप बस’. आभाळ निळं का, गप बस. आपण धनगर का, गप बस. भाकरी करपली का, तर त्याला पाठीत धपाटा.

आणि रिबीच्या घरी काय, तर वर्षातून एकदा सण असायचा, ज्यात घरातल्या सगळ्यात लहान पोरानं प्रश्न विचारायचे आणि मोठ्यांनी उत्तरं द्यायचीच. धर्मच होता तसा. हे मला कळलं त्या दिवशी मी जेवले नाही. रिबी एकुलती एक, म्हणजे दरवर्षी तीच विचारणार. आजची रात्र वेगळी का? आज आपण आंबवलेलं का खात नाही? कडू पाला का खातो? आणि तिचे वडील, दिवसभर गुरांच्या शेणामुतात हात घातलेला माणूस, पांढरा सदरा घालून सगळं सांगणार, की आपण मिसर देशात गुलाम होतो, राजाच्या विटा पाडत होतो, मग देवानं आपल्याला तिथून काढलं. रिबी मला शाळेत सांगायची, ‘आम्ही विटा पाडायचो गं, लई हाल होते आमचे,’ जणू मागच्या उन्हाळ्यात नारायणगावच्या भट्टीवर होती. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांना ती ‘आम्ही’ म्हणायची. आमच्या घरातला ‘आम्ही’ आजोबांच्या भावकीतल्या बांधाच्या भांडणापर्यंत जायचा आणि तिथंच अडायचा. मला तिच्या फ्रॉकचा हेवा वाटला नाही, तिच्या कंपासपेटीचा थोडा वाटला, पण त्या ‘आम्ही’चा इतका वाटला की मी एकदा आईला विचारलं, आपण कधी गुलाम होतो का. आई म्हणाली, ‘मी हायेच की. भांडी घास.’

तात्यांचं आणि डॉक्टरांचं मात्र गूळपीठ जमलेलं. संध्याकाळी डॉक्टर मेंढरांना टोचायला येत, आणि टोचून झालं तरी उठत नसत. घोंगडीवर बसून ते तात्यांना मोशेची गोष्ट सांगायचे, ज्यानं त्या गुलामांना मिसरातून बाहेर काढलं. मोशे सासऱ्याची मेंढरं राखत होता, डोंगरावर जळणारं पण न संपणारं झुडूप त्यानं पाहिलं, तिथं देव बोलला, हे ऐकून तात्या खूष. ‘सासऱ्याची राखत व्हता? मंग आपल्यातलाच की राव.’ समुद्र दुभंगला आणि सगळे कोरड्या वाटेनं पार झाले, तिथं मात्र तात्या अडले. त्यांचं म्हणणं, दोन्ही अंगाला पाणी उभं बघून मेंढरू पाय टाकणार नाही, पुढं एखादा शेळीचा बोकड घातला असणार. डॉक्टर म्हणाले, ग्रंथात तसं नाही, पण घातला असेल; एवढ्या घाईत कोण लिहून ठेवतो. मग डोंगराची गोष्ट आली. तिथं देवानं त्या सगळ्या लोकांशी करार केला, की मी तुम्हाला सोडवलं, आता तुम्ही माझे, मी तुमचा. तात्यांनी विचारलं, बेल्ह्याच्या जनावरांच्या बाजारात होतो तसा का, रुमालाखाली बोटं धरून. डॉक्टर हसले आणि म्हणाले, नाही, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत, दगडावर कोरून. आणि त्यात देवानं स्पष्टच सांगितलं की माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या मागं लागायचं नाही, मला ते खपत नाही, मी मत्सरी आहे.

मी कुंपणापाशी कोकराला पाला देत होते, तिथंच थांबले. साक्षात देव, आणि जळका. वर दगडावर कोरून सांगतोय. त्या रात्री आईनं जळकी म्हटल्यावर मी पहिल्यांदाच उलट बोलले, की डॉक्टरांचा देवही तसाच आहे. आई म्हणाली, ‘मंग जा तिकडंच. त्यांच्याच देवाला सांग नाव लावाया.’ तिच्या आवाजात काहीतरी होतं, पण मी त्या वयात स्वतःच्या जळण्यात इतकी गुंतलेली की दुसऱ्याचा धूर दिसायचा नाही.

त्यांच्या सणाला मेंढरू आमच्याकडून जायचं. नर, वर्षाच्या आतला, अंगावर डाग, जखम, व्यंग काही नसलेला. सगळ्यांकडे आता एवढं काटेकोर बघत नाहीत, पण त्यांच्या घरातली रीत तशीच होती. कापायला पुण्याहून डॉक्टरीणबाईंचे भाऊ यायचे, कारण त्याची एक पद्धत असते आणि ती त्यांना येत होती. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो. त्या रक्तात पंजा बुडवून डॉक्टर कागदावर उमटवत आणि तो कागद दाराच्या चौकटीवर लावत. मिसरातून सुटका झाली त्या रात्री ज्यांच्या चौकटीवर कोकराचं रक्त होतं, त्यांच्या घरावरून मरण पुढं निघून गेलं, म्हणून.

त्या वर्षी डॉक्टरांनी तात्यांना सांगितलं की हा त्यांचा इथला शेवटचा सण. कागदपत्रं झाली होती, पावसाळ्याआधी ते सगळे त्यांच्या देशाला, इस्राएलला, जाणार होते. आणि म्हणाले, ग्रंथात असंही आहे की घर लहान असेल तर शेजाऱ्याला सोबत घ्यावं. तर यंदा ज्या लेकराच्या हातचं कोकरू, त्या लेकरानं आमच्या पंगतीला बसावं.

हे ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचेना. मी आणि शकूनं त्या वर्षी एकेक नर कोकरू हातावर वाढवलं होतं. माझं एकसारखं काळं, गुबगुबीत, मस्तवाल. शकूचं तेवढंच तब्येतीचं पण भित्रं, सतत तिच्या परकरात तोंड घालणारं. माझंच निवडलं जावं म्हणून मी काय काय केलं ते आता सांगताना मलाच हसू येतं. मी त्याला रोज धुतलं. मेंढरू रोज धुवायचं नसतं, त्याला सर्दी झाली, मग डॉक्टरांनीच त्याला औषध दिलं. रिबीकडून मी सगळे प्रश्न पाठ केले, मराठीतले आणि कळत नसलेले त्यांच्या भाषेतलेही. रिबी मला चुका काढून दाखवायची आणि मी तिचा गळा धरावा की पाय, हे मला ठरवता येत नसे. शकूला यातलं काही पडलं नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की एक कोकरू जाणार, आणि ती मनातल्या मनात रोज माझंच जावं म्हणून हात जोडत होती. म्हणजे नवस दोघींचा एकच होता, हे किती वर्षांनी माझ्या लक्षात आलं.

तात्यांनी माझंच निवडलं. मी आठवडाभर जमिनीवर चाललेच नाही. रिबीला म्हटलं, मी येतेय. शकूला म्हटलं, तू राहा घरी.

आता बेल्ह्याचे व्यापारी त्या दिवसांत टेम्पो घेऊन वाडीवस्तीला फिरायचे. तात्या शेतावर असले, मेंढरं मोकळी असली, की चुलते मधल्यामध्ये सौदा करून मोकळे व्हायचे. म्हणून आमच्यात रीत होती, जे जनावर कुणासाठी राखलंय त्याच्या कानाला निशाणी करायची. कानाची कड कात्रीनं जराशी कातरली की ते राखीव, त्याला कुणी हात लावायचा नाही. माझे आजोबा करायचे, त्यांचे वडील करायचे. तात्यांनी प्रेमानं, काळजीनं, डॉक्टरांचं कोकरू चुकून बेल्ह्याला जाऊ नये म्हणून, माझ्या कोकराचा कान कातरला.

सणाच्या दिवशी चैत्री पौर्णिमा होती. पहाटे मारुतीच्या देवळात जन्म झाला, सुंठवडा वाटून झाला, आणि उन्हं वर यायच्या आत मामा डॉक्टरांबरोबर आमच्या अंगणात आले. मी कोकराला तेल लावून चमकवलं होतं. मामांनी त्याचे दात पाहिले, डोळे पाहिले, खूर उचलून पाहिले, पोटाखाली हात फिरवला. मग कान हातात धरला आणि तसेच थांबले. डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी तात्यांकडे पाहिलं.

‘हे कशानं झालं?’

‘म्या केलं की,’ तात्या म्हणाले. ‘निशाणी. तुमचं हाय म्हून.’

मामांनी कान हळूच सोडला. तात्यांना मामांच्या चेहऱ्यावरून हळूहळू उमगलं, आणि माझ्या वडिलांचं तोंड असं उतरलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी राखण्यासाठी जे केलं होतं, त्यानंच ते बाद झालं होतं. डॉक्टर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुमची चूक नाही, मी सांगायला हवं होतं. मग मला जवळ घेऊन समजूत काढायला लागले, की आमच्या कायद्यात असं आहे, एखादा गुलाम मुदत संपल्यावरही म्हणाला की मला मालक सोडून जायचं नाही, तर त्याला दारापाशी नेऊन त्याचा कान टोचायचा. मग तो कायमचा त्या घरचा. तुझं कोकरू तसं आता तुमच्या घरचं झालं. मला तो कायदा त्या क्षणी अजिबात आवडला नाही. मला कोकरू घरचं व्हायला नकोच होतं.

मामांनी शकूचं पाहिलं. त्याला काहीच खोड नव्हती.

पुढचा तासभर आमच्या ओसरीवर दोन पोरी भोकाड पसरून बसल्या होत्या; एक तिचं कोकरू गेलं म्हणून, दुसरी तिचं राहिलं म्हणून. आईनं दोघींपुढं गूळभाकरी ठेवली, कुणी हात लावला नाही. माझं कोकरू मात्र आलं आणि माझ्या वाटची भाकरी खाऊन गेलं.

दुपारी डॉक्टर पुन्हा आले. तात्यांनीच त्यांना म्हटलं, ‘दोघींना बी न्या, डॉक्टर. न्हाईतर ही थोरली मला जगू द्यायची न्हाई.’ डॉक्टर म्हणाले, म्हणजे काय, दोघी येणारच. म्हणजे पान शकूचं होतं आणि मी पानाबरोबरचं मीठ होते. शकू आधी तयारच होईना. मटण खायला लावणार नाही असं डॉक्टरांनी कबूल केल्यावर ती उठली. आईला कुणी विचारलं नाही. तिनं आमच्या वेण्या घातल्या, माझी जरा ओढूनच, आणि म्हणाली, त्यांच्या घरी नीट बसा, हावऱ्यावानी करू नका. वर पुटपुटली, बिनआंबवलेल्या पोळीचा कसला आलाय सण, आपल्यात बारा महिने तीच असती.

डॉक्टरांच्या क्वार्टरच्या दारावर तो कागद लागला होता. शकूनं वर पाहिलं नाही. आत पांढरी चादर घातलेलं टेबल, दवाखान्यातनं आणलेल्या खुर्च्या, खजुराचा दाट गोड रस, मिठाचं पाणी, कडू पाला, बाईंनी पीठ भिजवल्या भिजवल्या घाईनं लाटून भाजलेल्या करकरीत पोळ्या, आणि नारळाच्या दुधातल्या मटणाचा असा वास की माझ्या दुःखालाही भूक लागली. वाइनच्या जागी मनुकांचं सरबत होतं. टेबलाच्या टोकाला एक खुर्ची रिकामी होती आणि पुढं एक भरलेला पेला. रिबी म्हणाली, ते एलियाहू नबींचं, म्हणजे आमच्या जुन्या प्रेषितांचं, या रात्री ते कधीही येऊ शकतात. मला वाटलं, बघा, न आलेल्या माणसालासुद्धा माझ्या आधी जागा आहे.

मामांनी वाचायला सुरुवात केली. मग थांबले आणि म्हणाले, आता सगळ्यात लहान कोण? रिबी उठून उभी राहिली, हात मागं बांधून. मामा म्हणाले, ‘तू नाही गं. ही बघ, तुझ्यापेक्षा लहान आहे.’ आणि शकूकडे बोट केलं.

रिबीचा चेहरा मी बघत होते. इतकी वर्षं त्या गोऱ्यापान चेहऱ्यावर मला जे पाहायचं होतं ते अखेर तिथं आलं. ती हळूच खाली बसली आणि शकूकडे अशा नजरेनं पाहायला लागली की मला आरशात पाहिल्यासारखं झालं. आम्ही दोघी शेजारी शेजारी, दोघींना सगळे प्रश्न तोंडपाठ, आणि विचारणार कोण, तर नाक पुसत असलेली शकू, जिला एकही येत नव्हता. मी तिला टेबलाखालून लाथ मारून पहिला प्रश्न कुजबुजले. दुसऱ्या बाजूनं रिबीही कुजबुजली. शकूनं आमच्याकडे पाहिलंच नाही. तिनं डॉक्टरांकडे पाहिलं.

‘माझ्या कोकरानं काय केलं व्हतं?’

मामांचं बोट ग्रंथातल्या ओळीवर तसंच राहिलं. डॉक्टरीणबाई पदर सावरायला लागल्या. मला वाटलं, आता येतंय, गप बस. पण त्या घरात विचारलं की सांगावंच लागायचं. डॉक्टरांनी हातातला पेला खाली ठेवला.

‘काही केलं नव्हतं, बाळ,’ ते म्हणाले. ‘त्याचं काहीच चुकलं नव्हतं.’

मग ते म्हणाले, आमच्या सुटकेपायी मिसरातल्या लोकांवर संकटं आली, त्यांचीही लेकरं गेली. म्हणून आम्ही आमचा पेला भरलेला ठेवत नाही, एकेका संकटाच्या नावानं त्यातला थेंब काढून टाकतो. त्यांनी बोट सरबतात बुडवलं आणि ताटलीत थेंब टेकवला. ‘यंदा एक थेंब तुझ्या कोकराचा.’ मग मामांनी टाकला, बाईंनी टाकला, रिबीनंसुद्धा टाकला. शकूनं स्वतःच्या पेल्यात बोट घातलं आणि थेंब इतका सावकाश ठेवला, की जणू तो दुखेल.

मीही टाकला. आणि खरं सांगते, टाकताना माझ्या मनात एवढंच होतं की हा प्रश्न मला का सुचला नाही. एवढं पाठ करून मी बसले होते. माझ्या कोकराच्या नावानं आजवर कुणी थेंब काढलेला नाही. ते पुढं कितीतरी वर्षं जगलं, माजलं, आणि मला पाहिलं की ढुशी द्यायचं.

जेवणं झाली. शकूनं भात आणि खजुराचा रस खाल्ला. मग मामा म्हणाले, आता दार उघडायचं, नबींसाठी. ते काम रिबीचं, ती उठतच होती. पण डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बायकांना कळतं. ‘मंदा, दार तू उघड गं आज,’ त्या म्हणाल्या.

मी उठले. फ्रॉक झटकला. सगळे उभे राहिले होते, मामा तोंडानं काहीतरी हळू म्हणत होते. त्या खोलीतली सगळी माणसं माझ्या हाताकडे बघत होती, हे मी चालता चालता नीट अनुभवून घेतलं. कडी काढली, दार आत ओढलं.

दारात आई उभी होती.

चांदणं लख्ख पडलेलं. डोक्यावरचा पदर तिनं दातात धरला होता, हातात आमच्या दोघींसाठी घडी केलेली पासोडी. उशीर झाला म्हणून न्यायला आले, असं ती म्हणाली, पण डोळे ओले होते आणि पायांवर धुळीचा थर होता. ती आत्ता आलेली नव्हती. शकूचा प्रश्न तिनं तिथंच उभं राहून ऐकला होता, आणि कदाचित त्याच्याही आधीचं सगळं. आत एवढी माणसं उभी राहून आपल्याचकडे बघतायत हे दिसल्यावर ती एकदम मागं सरली.

डॉक्टर पुढं आले. ‘वहिनी, लहानपणापासून दरवर्षी मी असं दार उघडलेलं बघतोय,’ ते म्हणाले. ‘दारात कुणी उभं असायचं हे पहिलंच वर्ष. या.’

आणि त्यांनी टोकाची ती रिकामी खुर्ची ओढली. मामा काहीतरी म्हणणार होते, पण डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. आई चौकटीशी थबकली, वर त्या पंज्याला हात जोडले, आणि आत आली. खुर्चीच्या कडेवर टेकली. शकू धावत जाऊन तिच्या मांडीत शिरली आणि तिथं पहिल्यांदा मोठ्यानं रडली. आईनं एका हातानं तिला थोपटलं, दुसऱ्या हातानं तो भरलेला पेला उचलला, सगळे बघतायत म्हणून एक घोट घेतला, आणि बाईंना म्हणाली, ‘ग्वाड झालंय चांगलं. पण येलदोडा घालाया पायजे व्हता.’ बाई हसल्या, डॉक्टर हसले, मामासुद्धा हसले. रिबीनं आपली पोळी मोडून आईपुढं ठेवली.

मी दाराशीच होते. नबींची जागा आता रिकामी नव्हती, तिथं आई बसली होती, जिला बोलावणंही नव्हतं. तिनं शकूच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं.

‘दार लाव आन् ये हिकडं,’ ती म्हणाली. ‘कवाची उभी हायेस.’

मी लगेच लावलं नाही. कडीवर हात ठेवून तशीच थांबले आणि चांदण्यातल्या रस्त्याकडे बघत राहिले. आणखी कुणी यायचं राहिलं असेल, तर दार मी उघडलं होतं.